छोट्या देशांचे मामा

जगातल्या झाडून साऱ्या लहान देशांचा एकुलता एक वकील सोलापुरात राहतो. आमच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या उजव्या हाताला. त्या देशांना याची कल्पना नाही आणि त्यांनी कुणी वकीलपत्रही दिलेलं नाही, पण त्यामुळं वकिलीत कसला खंड पडत नाही. हे वकील म्हणजे माझ्या बायकोचे मामा. माझे ते नात्यानं मामेसासरे, बाकी अख्ख्या नगराचे सवयीनं मामा. वजन पन्नास किलोच्या आत, मिशा मात्र नव्वद किलोच्या माणसाला शोभतील अशा. रग्बी लीग नावाचा एक खेळ आहे, तो साता समुद्रापलीकडं खेळतात. माझ्या ओळखीतल्या एकाही सोलापूरकरानं त्याचं नाव ऐकलेलं नव्हतं. आता सगळ्यांनी ऐकलंय, कारण मामांनी ऐकवलंय. या खेळाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरतात. मागच्या वेळी पुढंपर्यंत गेलेल्या देशांना पुढच्या वेळी थेट प्रवेश मिळतो, उरलेल्यांना पात्रता फेरी खेळून आत यावं लागतं. मामांचं म्हणणं असं की ज्या देशाची लोकवस्ती आपल्या एखाद्या पेठेएवढीही भरणार नाही, त्याला काही न विचारता, न तपासता थेट आत घ्यावं. या मुद्द्यावर त्यांचं मत इतकं पक्कं आहे की मी एकदा नुसतं ‘पण’ म्हणालो, तर समोरचा चहा अर्धा टाकून उठून गेले. बरं, घर त्यांचंच होतं.

मामांची सगळी नोकरी एसटीत गेली. आधी वाहक, पुढं वाहतूक नियंत्रक. बसस्थानकावर काचेमागं बसून गाड्या सोडायच्या आणि कर्ण्यावरून पुकारायच्या. ‘मंगळवेढ्याकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक पाचवर लागलेली आहे’ हे वाक्य मामा अशा काही गोडीनं म्हणायचे की बार्शीला निघालेल्या माणसालाही क्षणभर मंगळवेढ्याला जाऊन यावंसं वाटायचं, असं त्यांचे जुने सहकारी सांगतात. मामा निवृत्त झाले, आवाज काही झाला नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी कामावरून थकून येतो, पाऊल न वाजवता जिना चढू बघतो आणि दुसऱ्या मजल्यावरून घोषणा होते, ‘जावईबापूंचं आगमन झालेलं आहे, मामींनी चहाची व्यवस्था करावी.’ बोलताना मामा अस्सल आपल्या गावाकडच्या वस्तीवरचं बोलतात, पण पुकारताना त्यांच्या तोंडून शुद्ध पुस्तकी मराठी बाहेर पडते. मामींशी भांडण झालं तर ते अर्धं एका भाषेत चालतं आणि हरायची वेळ आली की कर्ण्याच्या भाषेत जातं.

नियंत्रक म्हणून मामांची ख्याती दोन गोष्टींसाठी होती. एक म्हणजे वेळ. गाडी सुटायची वेळ झाली की सुटायची, कुणासाठी थांबायची नाही. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. मामी माहेरी अक्कलकोटला निघाल्या होत्या. पिशवी सीटवर ठेवली आणि भावांसाठी केळी घ्यायला खाली उतरल्या. केळी जरा डागाळलेली होती, त्या दुसरा घड मागत होत्या, तेवढ्यात वेळ झाली आणि मामांनी गाडी सोडली. पिशवी अक्कलकोटला गेली, मामी केळ्यांसकट फलाटावर राहिल्या. ही हकीकत मामी आजतागायत दर दिवाळीला, फराळाच्या ताटापुढं, त्या वर्षीच्या नव्या पाहुण्याला सांगतात. ‘अय्यो, बायकोकडं बघत बघत सोडली हो गाडी!’ मामांचं उत्तरही ठरलेलं आहे. ‘येळ म्हंजे येळ. नवऱ्याची गाडी न्हवती ती, सरकारची होती.’

दुसरी गोष्ट म्हणजे रुमाल. गाडी फलाटाला लागायच्या आत धावत जायचं आणि खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, हाताला लागेल ते आत टाकून जागा धरायची, ही आपल्याकडची जुनी रीत. मामांना तिचा भयंकर राग. एकदा तर म्हणे एका बापानं घाईघाईत आपलं पोरगंच खिडकीतून आत सारलं होतं आणि मग ते सगळ्या जागांवर आडवं होऊन बसलं. मामा कर्ण्यावरून ठणकावायचे, ‘रुमालाला तिकीट लागत नाही, म्हणून रुमालाला जागाही मिळणार नाही.’ काचेमागून उठून स्वतः गाडीत चढायचे, रुमाल गोळा करायचे आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना आधी बसवायचे. ‘ज्याला पळता येतंय त्यानं रुमाल टाकायचा, आन म्हातारीनं मंगळवेढ्यापतोर उबं ऱ्हायाचं? ही कुटली रीत?’ असा त्यांचा सवाल असे. त्यांच्या कपाटात त्या काळातले बेवारशी रुमाल अजून असतील, अशी मला शंका आहे.

एकूणात, जिथं माणसं कमी असतील तिथं मामा सापडायचे. बाजारात गेले तर ज्या बाईपुढं मेथीच्या चारच जुड्या आहेत तिच्याकडून घेणार, मग त्या चारही सुकलेल्या का असेनात. एका लग्नाला आम्ही सगळे मुलीकडून गेलो होतो. आमची मंडळी मांडवात मावत नव्हती आणि नवऱ्या मुलाकडून एका जीपमध्ये बसतील एवढीच माणसं आली होती. मामांनी दोन्ही बाजू डोळ्यांनी मोजल्या, मान हलवली, आणि सरळ पलीकडं जाऊन वरातीत नाचायला लागले. पुढं पंगतीतही त्यांच्यातच बसले, आग्रह करकरून त्यांना वाढलं, आणि मानपानाची कुरबुर निघाली तेव्हा वरपक्षाकडून आमच्याशी भांडलेसुद्धा. नवऱ्या मुलाला अजून वाटतं की मामा त्याचे कुणीतरी लांबचे चुलते आहेत.

अशा माणसाला रग्बी लीगनं गाठलं ते ऑकलंडात. मामांची लेक तिकडं न्यूझीलंडला असते. मामा-मामी एकदा तिच्याकडं जाऊन राहिले. लेक आणि जावई सकाळी कामाला जायचे, मामी टीव्ही बघायच्या आणि मामा फाटकाशी उभे राहून रस्त्यावरून जाणाऱ्या बसगाड्या वेळेवर आहेत की नाहीत ते पाहायचे. शेजारी एक आडदांड गृहस्थ राहत होता, दूरच्या एका बेटावरचा. बेटाचं नाव मी लिहीत नाही, कारण मामा त्याला ‘आपलं बेट’ एवढंच म्हणतात आणि दुसऱ्या कुणी नावानं उल्लेख केला तर त्यांना ते परकेपणाचं वाटतं. त्याला मराठी येत नव्हती आणि मामांचं इंग्रजी डेपो, ब्रेकडाउन आणि स्पेअर पार्टच्या पुढं कधी गेलं नव्हतं. पण त्यानं हवेत स्टिअरिंग फिरवून दाखवलं, मामांनी तोंडानं शिट्टी मारून दाखवली, आणि दोघंही बसगाड्यांवर आयुष्य काढलेले निवृत्त गडी आहेत हे दोघांनाही कळून चुकलं. मग काय विचारता! रोज फाटकापाशी तास तास गप्पा. कोण कुणाला काय सांगत होतं ते देव जाणे, पण लेक सांगते की दोघं पोट धरधरून हसायचे.

त्या शेजाऱ्यानं मामांना एकदा सामन्याला नेलं. एका बाजूला मोठा थोरला देश आणि दुसऱ्या बाजूला आपलं बेट. बेटाचा असा काही धुव्वा उडाला की शेवटी शेवटी गुण दाखवणारा माणूससुद्धा कंटाळला असावा. पण सामना संपला आणि हरलेल्या संघानं मैदानात गोल धरून गाणं म्हटलं. गॅलरीतल्या बायका, म्हातारी माणसं, लेकरं उठून गाऊ लागली. मग बाहेर डबे उघडले गेले. जिंकलेल्या संघाचे दोघे-तिघे खेळाडूही त्या घोळक्यात येऊन जेवले आणि मामांच्या हातातही कुणीतरी ताटली दिली. ‘हरल्यालं कोन, जिकल्यालं कोन, काय कळंना बगा,’ मामा सांगतात. हे सांगताना त्यांचे डोळे भरून येतात आणि मिशा पुसायचं निमित्त करून ते डोळे पुसतात.

निघताना शेजाऱ्यानं मामांना आपल्या बेटाची जर्सी दिली. ती त्याच्याच मापाची होती. मामा ती घालतात तेव्हा बाह्या मनगटाच्या खाली आणि खालची कड गुडघ्यांच्या खाली येते. एकदा त्या वेषात ते दूध आणायला गेले तर दूधवाल्यानं घाबरून विचारलं, ‘दवाखान्यातून कवा सोडलं, मामा?’ मामांनीही त्या शेजाऱ्याला निघताना सोलापुरी चादर दिली होती. ती त्यानं लगेच पांघरून दाखवली, तर पायांकडून गुडघ्यापर्यंतचा माणूस बाहेर. मामांना फार लागलं ते. सोलापुरात परतल्यावर ते थेट ओळखीच्या यंत्रमागवाल्याकडं गेले. तेलुगू घरातला माणूस, पिढ्यान्‌पिढ्या चादरी विणणारा. मामांनी हात पसरून लांबी सांगितली, मग दोन पावलं चालून उरलेली सांगितली. तो बघतच राहिला. ‘मामा, माणसाला पायजे का टेम्पोला?’ चादर विणली गेली, ऑकलंडला गेली, आणि तिच्यात आपादमस्तक गुंडाळलेल्या शेजाऱ्याचा फोटो मामांच्या देवघराशेजारी लागला.

तेव्हापासून मामांच्या दुपारी बदलल्या. तिकडं सामने संध्याकाळी होतात तेव्हा इकडं भर दुपार असते. एप्रिल-मेमधली सोलापूरची दुपार काय चीज आहे हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच कळेल की त्या वेळी माणूस ओली चादर अंगावर घेऊन पडण्यापलीकडं काही करत नाही. अशा वेळी, सगळं नगर निपचित पडलेलं असताना, दुसऱ्या मजल्यावरून ‘धर! धर! आरं धर की त्येला!’ अशी आरोळी उठते. सुरुवातीला लोक चोर समजून काठ्या घेऊन धावले होते. आता कूस बदलतात. खेळ समजावून सांगायचा तर मामा सगळं कबड्डीत सांगतात. ‘पकडच हाय ही, फकस्त हातात चेंडू हाय. तेरा गडी. पंधराची ती येगळी रग्बी, तिचं नाव हितं काडायचं न्हाय. सा वेळा पकडलं की चेंडू समोरच्याला द्यायचा. आन हातानं पास द्यायचा तर मागंच द्यायचा, पुडं न्हाय. म्हंजे पळायचं पुडं, पन ध्यान मागच्याकडं. कळलं का?’ मामींना कळलेलं आहे. ‘मागं बघत बघत पळायचा खेळ हाय हो,’ त्या म्हणतात, ‘माझ्या येळला तेवढं मागं बघितलं न्हाईत.’

मामांच्या वकिलीला खरा विरोधी वकील भेटला तो तळमजल्यावर. बँकेतून निवृत्त झालेले साहेब आमच्या नगराच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष आहेत. शिस्तीचा माणूस, विजार इस्त्रीची, बोलणंही इस्त्रीचं. संध्याकाळी फाटकाजवळच्या बाकावर दोघांची जुंपते आणि आम्ही बाकीचे शेंगा सोलत ऐकत बसतो. साहेब म्हणतात, ‘मामा, स्पर्धा म्हणजे काही अन्नछत्र नाही. लायकी सिद्ध करावी आणि यावं.’ मामांचं उत्तर मुक्कामी गाडीचं. संध्याकाळी आडवाटेच्या गावाला जाऊन रात्री तिथंच थांबणारी आणि पहाटे परत निघणारी ती मुक्कामी गाडी. ‘आमच्या वस्तीवर मुक्कामी गाडी येती, साहेब. सकाळी कदी कदी तिगंच असत्यात गाडीत, त्यातला एक कंडक्टर. म्हनून कुनी म्हनलं का, की आदी पन्नास मानसं जमवून दावा, मग गाडी सोडतो? गाडी आदी जाती. मग मान्सं बसाय शिकत्यात.’ यावर बाकावरची सगळी मंडळी ‘वा’ म्हणाली. साहेबांनी चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाले, ‘असं कसं? न खेळता धरलेली जागा म्हणजे तुमचा तो खिडकीतला रुमालच की हो.’

मामांचा चेहरा पडला. पुढचे दोन दिवस ते बाकावर आले नाहीत, पुकारणंही बंद, मी जिन्यात मुद्दाम पाय आपटले तरी घोषणा नाही. तिसऱ्या दिवशी जर्सी घालूनच खाली उतरले. ‘साहेब, रुमाल लहान्यांनी न्हाय टाकला. मोट्यांनी टाकलाय. मागल्या येळंला पुडं गेले म्हनून यंदाची जागा त्येंची. ज्येच्यापाशी मैदान न्हाय, पैका न्हाय, धड तेरा गडी न्हाईत, त्येनं खाली उबं ऱ्हायाचं.’ साहेब म्हणाले, ‘पण ते जिंकले होते ना!’ आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

हे सगळं सातासमुद्रापारचं होतं तोवर बरं होतं. पण आमच्या नगराचीही एक स्पर्धा आहे. संक्रांत झाली की पुढच्या एका रविवारी मैदानावर कबड्डीचे सामने होतात, आठ संघांचे. त्यात एक संघ मामांच्या जन्मगावचा असतो. गाव कसलं, मंगळवेढ्याच्या पुढं माळावरची वस्ती ती. थोडी ज्वारी, बाकी मेंढरं. मामांच्या आग्रहाखातर मंडळानं या संघाला पहिल्यापासून थेट प्रवेश दिलेला. दरसाल अख्खी वस्ती एका टेम्पोत बसून येते, येताना आमच्यासाठी हुरडा आणते, पहिल्याच सामन्यात सपाटून हरते, मनसोक्त जेवते आणि हसत हसत परत जाते. यंदा मात्र संघांची गर्दी झाली. साहेबांनी ठरवलं की शनिवारी पात्रता फेरी घ्यायची आणि थेट प्रवेश बंद. मामांच्या पायाखालची जमीन सरकली. वस्तीवरची तरुण मंडळी एकेक करून पुण्याकडं चाललेली, उरलेल्यांतून सात गडी कसेबसे जमायचे. एक वर्ष जर यायचं चुकलं तर पुढच्या वर्षी संघच उभा राहणार नाही, ही मामांची धास्ती होती, आणि ती खोटी नव्हती.

मंडळाच्या बैठकीत मामा जे बोलले ते मी विसरणार नाही. जर्सी अंगात, पाठीमागं जगाचा नकाशा लावलेला, आणि आवाज कर्ण्याचा. प्रशांत महासागरापासून निघून ते मंगळवेढ्याला पोचले तेव्हा साहेबांनीच रुमाल काढून कपाळ पुसलं आणि म्हणाले, ‘बरं बाबा. वस्तीला थेट प्रवेश.’ मामा दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ही बातमी द्यायला निघाले, आणि मजा बघायला मलाही बरोबर घेतलं.

वस्तीवर संघाचा कप्तान भेटला. उन्हानं रापलेला काटक गडी, खांद्यावर घोंगडी. मामांनी सगळं रंगवून सांगितलं. कप्तानानं खाली बघत ऐकून घेतलं, मग म्हणाला, ‘मामा, राग धरू नगा. आमाला थेट नगं.’

मामांना वाटलं, त्याला समजलं नाही. ‘आरं, खेळायचं न्हाय पात्रतेत! सरळ रविवारी यायाचं!’

‘त्येच तर. दरसाल तुमी आमाला पाव्हन्यावानी बोलवताय. पाव्हन्याला कोन खरं धरून पकडत न्हाय, मामा, नुसतं जेवू घालत्यात. यंदा आमी शनवारी खेळतो की. आलो आत तर आलो.’

‘आन न्हाय आला तर?’

‘तर हुरडा हितंच खाऊ.’

परतीच्या गाडीत मामा खिडकीबाहेर बघत बसले. नेहमी ते वाहकाला प्रत्येक थांब्याची वेळ सांगत असतात, त्या दिवशी त्यांनी घड्याळाकडंही बघितलं नाही. ज्यांच्यासाठी सगळ्या जगाशी भांडायचं, त्यांनीच असं म्हणावं! रात्री मामींनी बाजरीची भाकरी आणि वांगं पुढं ठेवलं तर म्हणाले, ‘साहेबांचं जिकलं बग,’ आणि अर्धी भाकरी तशीच ठेवली. मला त्यांचं फार वाईट वाटलं. चिडवायची एवढी आयती संधी होती, पण माझी जीभ रेटली नाही.

शनिवार उजाडला. नगराच्या सामन्यांचं निवेदन मामांकडंच असतं, तसे ते माइकपुढं बसले. वस्तीचा सामना होटगीच्या संघाशी होता. होटगीचे सात जण अंग झाडत उभे आणि वस्तीचे सहाच. सातवा गडी, सगळ्यांत चांगला पकडणारा, मेंढरं घेऊन बार्शीकडं गेला होता. मेंढरं मेहुण्याच्या ताब्यात देऊन तो एसटीनं निघालाय, वाटेत आहे, एवढाच निरोप. नियम मंडळाचा, आणि तो मामांनीच कधीकाळी घालून दिलेला: वेळेला संघ पुरा नसेल तर समोरच्याला पुढे चाल. मामांनी घड्याळ पाहिलं. कप्तानाकडं पाहिलं. कप्तान फाटकाकडं बघत होता. सगळ्या मैदानाला कळत होतं की आता काय व्हायचंय. मामांनी माइक तोंडाशी नेला. नोकरीभर ज्यांनी बायकोसाठीसुद्धा गाडी थांबवली नाही, त्यांनी बोलायच्या आधी घड्याळ पुन्हा एकदा पाहिलं. ‘वेळ... वेळ झालेली आहे. वस्तीचा संघ अपुरा असल्यामुळे...’

‘थांबा,’ साहेब म्हणाले. ते उठून टेबलापाशी आले होते. ‘सामन्याची वेळ अध्यक्षांच्या घड्याळाप्रमाणे धरली जाते. माझ्या घड्याळात वेळ झालेली नाही.’ असं म्हणून त्यांनी घड्याळ हातातून काढलं आणि इस्त्रीच्या विजारीच्या खिशात टाकलं.

मामा उठून उभे राहिले. ‘साहेब, हे नियमात बसत न्हाय.’

‘सहा जणांना हरवून आमी काय मिरवायचं?’ होटगीचा कप्तान मध्येच म्हणाला. ‘थांबतो की आमी. चहा सांगा.’

‘बघा!’ बायकांच्या बाजूनं मामींचा आवाज आला. ‘असं थांबवत्यात गाडी! शिका!’

सगळं मैदान हसलं, साहेबसुद्धा हसले. चहा आला, चहा संपला, आणि फाटकातून एक रिक्षा आत शिरली. तिच्यातून सातवा गडी उतरला, अंगाला मेंढरांचा वास, पायात जड वहाणा. त्यानं घोंगडी मामांच्या टेबलावर ठेवली, वहाणा काढल्या आणि सरळ मैदानात गेला. मग जे झालं ते निवेदन म्हणून ऐकण्यासारखं नव्हतं. मामा पहिली पाच मिनिटं निवेदक होते, पुढं ते नुसते मामा झाले. ‘वस्तीची चढाई... धर धर... मंगळवेढ्याकडे जाणारी... आरं निसटला... फलाट क्रमांक... लोन! सातही बाद, लोन चढला!’ होटगीवाले काही पाहुणचाराला आलेले नव्हते, त्यांनी वस्तीच्या एकेकाला असं आपटलं की धुरळा उडाला. शेवटच्या चढाईला होटगीचा गडी आत आला आणि सातव्यानं त्याचा घोटा असा धरला, जसा तो कळपातून पळणाऱ्या मेंढराचा धरत असेल. एका गुणानं वस्ती आत आली. मामा टेबलावर चढले होते. खाली उतरवताना साहेबांनी हात दिला.

रविवारी अख्खी वस्ती टेम्पोतून आली, हुरडा आला, आणि पहिल्याच सामन्यात वस्ती हरली. दरसालसारखीच. पण पंगत बसली तेव्हा मामा माझा दंड धरून मला घेऊन गेले. कडक भाकरी आणि शेंगाभाजी वाढलेली होती आणि सातही गडी मान खाली घालून भाकरीचे नुसते तुकडे करत होते. कप्तान तर पाण्यालाही शिवला नव्हता. मामांचा चेहरा आनंदानं नुसता फुलून गेला होता. ‘बगा, जावईबापू, बगा! यंदा पोरं जेवंना झाल्यात! हरल्याचं वाईट वाटाय लागलं त्येंना!’ मग त्यांनी स्वतः एकेकाच्या ताटात शेंगाभाजी वाढली आणि एकेकाला दमदाटी करून जेवू घातलं.

आपलं बेट मात्र आत आलं नाही. त्याच सुमारास त्याची पात्रता फेरी झाली आणि बेट थोडक्यात बाहेर राहिलं. मामांनी फोन बंद करून ठेवला आणि बराच वेळ देवघराशेजारच्या फोटोकडं बघत बसले. पुढं लेकीकडून कळलं की तो शेजारी ऑकलंडचं घर विकून कायमचा बेटावर राहायला गेला. चादर बरोबर नेली म्हणे. एकमेकांची भाषा न येणाऱ्या दोघा म्हाताऱ्यांनी फोनवर काय बोलायचं? फाटकापाशी चालत होतं ते सगळं हातवाऱ्यांवर. त्यामुळं आता निरोपही नाहीत.

बाकावर आता भांडण होत नाही. साहेबच मधून मधून उकरून काढतात, त्यांना करमत नाही. मी एकदा न राहवून विचारलं, ‘मग मामा, शेवटी काय ठरलं? लहान देशांना थेट प्रवेश हवा की नको?’ मामा शेंग सोलायचे थांबले. ‘गाडी जायाला पायजे, जावईबापू. दारापतोर जायाला पायजे. बसायचं का चालत यायचं, ते ज्येचं त्येनं ठरवावं.’  साहेबांनी आपल्या हातातले सोललेले दाणे मामांच्या हातावर ठेवले.

मागच्या रविवारी दुपारी मी काही कामानं दुसऱ्या मजल्यावर गेलो. मोठी स्पर्धा सुरू झाली होती. मामा जर्सी घालून पंख्याखाली बसले होते आणि फोनवर दोन थोरल्या देशांचा सामना आवाज बंद करून बघत होते. शेजारी, देवघराजवळच्या त्या चादरीतल्या फोटोखाली, एक रिकामी खुर्ची होती. मी तिच्यावर बसायला गेलो तर मामांनी हात आडवा केला. खुर्चीवर त्यांचा धुतलेला पांढरा रुमाल पसरून ठेवलेला होता.

‘तितं नगं,’ ते हळूच म्हणाले. ‘मानूस यायचा हाय.’

मी मामींकडं पाहिलं. मामींनी डोळ्यांनीच मला गप्प बसायला सांगितलं आणि माझ्यासाठी खाली सतरंजी टाकली. मी तिच्यावर बसलो आणि आम्ही तिघांनी सामना शेवटपर्यंत बघितला.